आधी ओव्या, मग डिस्क

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१२ चा आहे. आठवड्यापासून चालू केला की आतून टक-टक आवाज येतो आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ दिसते. दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवी टाकू. अकोले तालुक्यातल्या बायकांकडून लिहून घेतलेल्या साडेचारशे जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या. दुसरी प्रत नाही. एवढ्या जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क मिळते का? तळाचा फोटो सोबत जोडला आहे.
– एक निवृत्त शिक्षिका, संगमनेर

उत्तर : ताई, हे वाचेपर्यंत तुम्ही लॅपटॉप पुन्हा चालू केला नसेल, अशीच प्रार्थना. ‘एकदा बघूया, लागतोय का’ म्हणूनसुद्धा नको. आणि फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणं, त्याला साफ नाही सांगा.

डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांना न टेकता, काही नॅनोमीटर वरून तरंगतं. टक-टक म्हणजे बहुतेक वेळा हेडला आपली जागा सापडत नाही, ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा शोधतंय. बिघडलेलं हेड तबकडीला घासलं, तर ज्या थरावर तुमच्या ओव्या आहेत तोच खरवडून निघतो. दर वेळी बटण दाबलं की हा धोका नव्याने.

हे मी पोटतिडकीने सांगतोय, त्याला कारण आहे. २०१५ साली माझ्या आत्याचा लॅपटॉप फार हळू चालत होता. आवाज नव्हता काही. मी ‘चेकडिस्क’ हा डिस्क तपासणारा प्रोग्राम लावला आणि झोपायला गेलो. आजारी डिस्कला रात्रभर राबवलं, सकाळी ती उठलीच नाही. त्यात आजोबांच्या आवाजातला हरिपाठ होता. तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही डिस्क आली की पहिला प्रश्न एकच : आत काय आहे आणि त्याची प्रत कुठे आहे?

आवाज न करणारी डिस्क असती, तर ती बाहेर काढून यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि आधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, उतरवून घ्या, असं सांगितलं असतं. तुमच्या डिस्कला मात्र धूळविरहित खोली असलेली डेटा रिकव्हरीची लॅबच हवी. डिस्क काढून तिकडे द्या. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या, डेटा निघाला नाही तर किती द्यावे लागतील तेही विचारा. रक्कम लॅपटॉपच्या आजच्या किमतीहून जास्त असू शकते. साध्या दुकानात कुणी ‘उघडून बघतो’ म्हणालं तर देऊ नका. तोवर तुमच्या मेलचा ‘सेंट’ कप्पा चाळा. कुठल्या संपादकाला, मैत्रिणीला शंभर-दोनशे ओव्या पाठवल्या असतील तर त्या तिथे असतील.

लॅबला एक गोष्ट आवर्जून सांगा : फाइलींसोबत विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डरही काढून द्या. श्रीलिपीचा तो फॉन्ट नसेल तर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो आणि माणूस समजतो, फाइल खराब झाली. नंतर कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठेही वाचता येणाऱ्या मराठीत, आणा. जोडाक्षरं आणि रफार तेव्हा हमखास सरकतात. ओळन् ओळ तुम्हीच तपासा, गाणाऱ्यांची बोली तुम्हाला ठाऊक आहे.

आता नवी डिस्क. मिळते, अगदी सहज. अडीच इंची साटा एसएसडी (तबकड्या नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) मागा, २४० किंवा २५६ जीबी पुरे. च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ घेऊ नका, तुमच्या लॅपटॉपात तिला जागा नाही. जुनी डिस्क बहुधा ९.५ मिलिमीटर जाड असते, नवी ७. सैल वाटली तर प्लास्टिकची चौकट लावतात. फोटोत तळाला दोन स्क्रूंचं झाकण दिसतंय, म्हणजे काम सोपं. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. झाकण उघडून डिस्क आधी आडवी सरकवा, मगच वर उचला. उलट केलंत तर कनेक्टर मोडतो. कडेची लोखंडी पट्टी आणि तिचे चार स्क्रू नव्या डिस्कला लागतात, ते जपा. जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका.

नवी डिस्क रिकामी येते, पण विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अटींत २०१२ चा प्रोसेसर बसत नाही. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकीन, रॅम ४ जीबी असेल तर तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मराठी टाइप करायचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आहे. फक्त श्रीलिपीचं रूपांतर आधी कुणाच्या विंडोज संगणकावर उरकून घ्या.

फाइली हाती आल्या की त्याच दिवशी एक प्रत पेन ड्राइव्हवर करून बहिणीकडे किंवा मुलीकडे ठेवा आणि एक कागदावर छापा. जमलं तर त्यातली एक छापील प्रत अकोल्यात, ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यांच्या घरी पोचवा.