दादाने शिक्षण सोडले, मग मी ॲनिमेशन कसे निवडू?

लहानपणी आई किंवा वडील गेलेले, घराने ओढाताणीत दिवस काढलेले आणि आता चित्रकला किंवा ॲनिमेशन शिकण्याची इच्छा असलेले तरुण माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचे बोलणे बहुतेक वेळा ‘या क्षेत्रात काम मिळेल का’ या प्रश्नाने सुरू होते. थोडा वेळ गेला, की त्याखाली दडलेला दुसरा प्रश्न वर येतो: ज्यांनी माझ्यासाठी हाल सोसले, त्यांच्यासमोर मी स्वतःच्या आवडीचे काम निवडणे हा अपराध ठरेल का? हे दोन प्रश्न जोवर एकमेकांत गुंतलेले राहतात, तोवर दोहोंपैकी एकाचेही नीट उत्तर मिळत नाही. पुढे सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत ही गुंतागुंत फार स्पष्ट दिसली, म्हणून तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तिचा अनुभव मांडत आहे.

ती अठरा वर्षांची होती. आठ वर्षांची असताना तिची आई वारली. वडील आधीपासूनच आजारी असल्याने त्यांची नोकरी टिकली नाही आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाने पदवीचे शिक्षण अर्धवट सोडून एका गोदामात काम धरले. तिच्या शाळेचा खर्च, वडिलांची औषधे, घरभाडे हे सगळे तेव्हापासून त्यानेच पाहिले. शाळा संपल्यावर तिने हिशेबनिसाचा अभ्यासक्रम करावा, म्हणजे लवकर हाताशी पगार येईल, असे त्याने सुचवले होते. तिने तो अर्ज भरला होता, पण दिला नव्हता. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी नाही म्हटले तर दादा मला काहीच बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही.”

तिने सोबत एक जाड वही आणली होती. पाने उलटताना लक्षात आले, की बहुतेक चित्रे हातांची आहेत आणि त्यातही एकच कृती पुन्हा पुन्हा आली आहे: दोऱ्याचे टोक ओठांत ओले करायचे, ते बोटांनी पिळून टोकदार करायचे, सुई उजेडाकडे धरायची आणि दोरा ओवायचा. चेहरा एकाही पानावर नव्हता. आई शिवणकाम करायची, हे तिने तेव्हा सांगितले. “आईचा चेहरा मला आता फोटोतलाच आठवतो. पण ती दोरा कशी ओवायची, ते मला जसेच्या तसे आठवते,” असे सांगताना तिच्या आवाजात दुःखापेक्षा लाज अधिक होती. आईचा चेहरा विसरणारी मुलगी म्हणजे कृतघ्न मुलगी, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

आठव्या वर्षी आई गमावलेल्या मुलाला चेहरा धूसर आठवणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्याचा प्रेमाच्या कमी-अधिकपणाशी काहीही संबंध नाही, हे मी तिला आधी सांगितले. गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजेच दुःखातून बाहेर पडणे, असा समज मानसशास्त्रातही दीर्घकाळ होता. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी वेगळी भूमिका मांडली: माणूस गेल्यानंतरही त्याच्याशी असलेले नाते रूप बदलून चालू राहते आणि ते तसे राहणे हे आजाराचे लक्षण मानू नये. शिवाय लहानपणी झालेली हानी मूल वाढत्या वयाच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने समजून घेत असते. शाळा संपून आयुष्याची दिशा ठरवायची वेळ आली, की ‘मी काय करू’ हे विचारायला आई नाही, ही उणीव दहा वर्षांनंतरही पहिल्यांदाच जाणवल्यासारखी जाणवते. ती पुन्हा खचली आहे असा त्याचा अर्थ घरच्यांनी लावू नये.

दुःख कोणत्या टप्प्यावर उपचारांचा विषय होते, याचीही ढोबळ रेषा ठाऊक असलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश आहे. गेलेल्या व्यक्तीची तीव्र ओढ किंवा तिच्याच विचारात बुडून जाणे किमान ६ महिने टिकून राहिले, ते त्या समाजातील शोकाच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे गेले आणि त्यामुळे रोजचे जगणे विस्कळीत झाले, तर तज्ज्ञ त्या निदानाचा विचार करतात. ही मुलगी झोपत होती, जेवत होती, अभ्यास करत होती, तिला मैत्रिणी होत्या. आईचे हात काढताना डोळ्यांत पाणी येणे एवढ्यावरून तिला रुग्ण ठरवणे चुकीचे झाले असते. मात्र झोप आणि जेवण सुटले असेल, स्वतःला इजा करण्याचे किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर करिअरचा निर्णय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्यात दिरंगाई करू नये.

तिची पुढची भीती मला फार महत्त्वाची वाटली. चित्र हाच तिचा आसरा होता. त्याचे काम झाले, तर तो आसरा उरेल का, असे तिने विचारले. या प्रश्नाला ‘आवडीचे काम कधीच ओझे होत नाही’ असे उत्तर देणारे लोक असतात. ते उत्तर खरे नाही. ॲनिमेशनच्या कामात शॉट, म्हणजे दृश्याचा एक सलग तुकडा, दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा परत येतो, त्याला सगळेजण रिटेक म्हणतात. वेळेचे गणित चुकले, वजन जाणवत नाही, पात्राचा आकार बदलतो आहे, अशी कारणे सांगून मेहनतीने केलेले काम बदलायला लावले जाते आणि ते रोजचेच असते. प्रत्येक चित्रात आईच असेल, तर प्रत्येक रिटेक थेट तिच्यावर येऊन आदळेल. म्हणून दोन वह्या ठेवाव्यात, असे मी सुचवले. एक कोणालाही न दाखवण्याची, जिच्यात चूक-बरोबर असे काही नाही. दुसरी कामाची, जिच्यावर कोणीही बोट ठेवू शकेल.

हा सल्ला तिला लगेच पटला नाही, कारण ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या संचात, द्यायला तिने दोरा ओवणाऱ्या हातांचा पाच सेकंदांचा शॉट केला होता. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र बहुतेक वेळा दोन चौकटी धरले जाते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे, आणि पाच सेकंदांना साठ. ती साठ चित्रे तिने साध्या कागदावर काढून फोनने टिपली होती. शॉट चांगला होता. मी तिला एवढेच विचारले, की उद्या परीक्षकांनी ‘दोरा ओवताना मनगट अडखळते आहे’ असे म्हटले, तर तुला ते मनगटाबद्दलचे वाक्य म्हणून ऐकू येईल, की आईबद्दलचे? ती बराच वेळ बोलली नाही. पुढच्या भेटीत तिने सांगितले, की तो शॉट सध्या आपल्यापाशीच ठेवायचा आहे.

त्याऐवजी तिने माणसे बघायला सुरुवात केली. शेजारच्या आजोबांना खुर्चीवरून उठताना तिने कितीतरी वेळा पाहिले. उठण्याआधी ते पाय किंचित मागे घेतात, दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकवतात, पुढे झुकून क्षणभर थांबतात आणि मग श्वास रोखून उठतात, हे तिने टिपणांसह रेखाटले. मुख्य हालचालीआधीच्या या तयारीला ॲनिमेटर अँटिसिपेशन म्हणतात. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या १२ तत्त्वांपैकी ते एक. हे तत्त्व वाचण्याआधीच तिच्या नजरेने ते पकडले होते. माझ्या मते तिच्या पात्रतेचा खरा पुरावा इथे होता. दुःख भोगले म्हणून कोणी कलावंत होत नाही, आणि ‘तू एवढे सोसले आहेस, तुझी कला मोठीच होणार’ असे मुलांना सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. पुढे यश आले नाही, तर त्यांचे दुःखही वाया गेल्यासारखे त्यांना वाटू लागते.

नोकरीच्या प्रश्नावर तिला मी एक गृहपाठ दिला. या क्षेत्रात काम करणाऱ्या तीन-चार जणांना गाठायचे आणि ‘हे क्षेत्र कसे आहे’ असे न विचारता ‘गेल्या आठवड्यात दिवसभर नेमके काय केले’ असे विचारायचे. त्यातून तिला कळले, की स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रांतून केलेला आराखडा), पात्ररचना आणि पार्श्वचित्रे यांत चित्रकला भरपूर लागते. मॉडेलिंग (संगणकावर पात्रांचे आणि वस्तूंचे आकार घडवणे), रिगिंग (पात्र हलवता यावे म्हणून त्यात सांगाडा बसवणे), प्रकाशयोजना, कंपोझिटिंग (वेगवेगळे थर जोडून अंतिम दृश्य तयार करणे) यांत दिवस संगणकापुढे वेगळ्याच कौशल्यावर जातो. आणि पहिल्या नोकरीत कदाचित एकही रेघ काढावी लागणार नाही. काम बरेचदा प्रकल्पापुरते असते, मुदत जवळ आली की रात्री जागाव्या लागतात, प्रकल्प संपला की मधले काही महिने रिकामे जाऊ शकतात. ज्या घरात शिल्लक नाही, तिथे हे रिकामे महिने सर्वांत आधी हिशेबात धरावे लागतात. त्यासाठी व्हिडिओ संपादन, पुस्तकांची रेखाटने, साधी ग्राफिक कामे यांपैकी काहीतरी हाताशी असावे. हालचालीच्या दोन मुख्य चित्रांमधली चित्रे भरण्यासारख्या कामांत यंत्राची मदत वाढत असल्याने एकाच अरुंद कौशल्यावर विसंबून राहू नये, असेही माझे मत आहे.

साधनांची अडचण मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर २००२ पासून सर्वांसाठी मुक्त आहे आणि चित्र काढण्यासाठीचे क्रिता हेही मोफत मिळते. ब्लेंडरमध्ये तयार झालेल्या एका लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणून थांबून राहू नये, एवढ्यासाठी हे सांगते. पुरेसा वेगवान संगणक, रोजचे सलग काही तास आणि चुका दाखवणारा माणूस यांची गरज मोफत सॉफ्टवेअरने भागत नाही, आणि गरिबीत खरी टंचाई या तीन गोष्टींची असते.

मग तिच्या भावाला बोलावले. तो कामावरून थेट आला होता. त्याचा विरोध पैशामुळे आहे, असे ती धरून चालली होती. मी त्याला विचारले, “हिच्या चित्रांकडे पाहून तुम्हाला काय वाटते?” तो म्हणाला, “आई गेल्यावर ही वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हती. नुसती चित्रे काढत बसायची. ही वही घेऊन बसली, की मला तेच दिवस दिसतात.” तिला हे माहीतच नव्हते. ती त्याला म्हणाली, “दादा, तू माझ्यासाठी कॉलेज सोडलेस, म्हणून मला विचारायची भीती वाटत होती.” त्यावर तो जरा चिडलाच. “मी सोडले ते तू फेडावेस म्हणून नाही सोडले,” असे म्हणून त्याने बहिणीऐवजी माझ्याकडे पाहिले.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये असे मांडले, की शोकातला माणूस दोन कामांमध्ये ये-जा करतो: कधी हानीकडे वळून रडतो, आठवतो, कधी पाठ फिरवून रोजच्या जगण्याची नवी घडी बसवतो. ही ये-जा चालू राहणे चांगले. या घरात त्या दोन कामांची जणू वाटणी झाली होती. आठवण्याचे काम धाकटीकडे गेले आणि घर चालवण्याचे थोरल्याकडे. त्याला रडायला सवड मिळाली नाही आणि तिला जबाबदारी घेऊ दिली गेली नाही. तिने आवडीचे शिक्षण घ्यावे की नाही, यावरच्या मौनामागे ही वाटणी होती, आणि ती बदलल्याशिवाय निर्णय कोणताही झाला तरी दोघांना टोचत राहिला असता.

त्यानंतरचे बोलणे व्यवहाराचे झाले. “किती वर्षे थांबायचे?” असे भावाने विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता, घर चालवणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळालेच पाहिजे. दोन वर्षे ठरली. अभ्यासक्रम सकाळचा, दुपारनंतर एका दुकानाच्या हिशेबाचे अर्धवेळ काम, त्यातून स्वतःचा प्रवास आणि साहित्याचा खर्च. दर सहा महिन्यांनी दोघांनी बसून पाहायचे, की सुरू केलेली कामे पूर्ण होत आहेत का, सुधारणा ऐकून काम बदलते आहे का, ती माणसांत आहे का. बक्षीस किंवा नाव मिळाले का, हा निकष मुद्दाम ठेवला नाही. वडिलांच्या औषधांची जबाबदारी तिने मागून घेतली. भाऊ पुढे काही काळ स्वतःसाठी वेगळा भेटायला येत राहिला. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

आज ती एका स्टुडिओत कंपोझिटिंग करते. पहिला प्रकल्प संपल्यावर काम नव्हते, तेव्हा तिने हिशेबाची कामे घेतली आणि फावल्या वेळात शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामांची छोटी चित्रफीत, नव्याने बांधले.

अशा मुलांना अर्ज भरताना आणखी एक अडचण येते: घरातल्या मृत्यूबद्दल आणि गरिबीबद्दल किती लिहावे? शिष्यवृत्तीच्या अर्जात उत्पन्न, पालकांची स्थिती, कमावणारे कोण, हे कागदपत्रांसह सरळ लिहावे. ती मागितलेली माहिती आहे आणि ती देण्यात याचना नाही. ‘हे क्षेत्र का निवडले’ या निवेदनात मात्र तेवढेच लिहावे, ज्यावर समोरच्याने आणखी एक प्रश्न विचारला तरी आपण शांतपणे उत्तर देऊ शकू. या मुलीने तिथे एक वाक्य लिहिले, की लहानपणी आई गेल्यानंतर भावाने मला शिकवले, आणि उरलेल्या पानात खुर्चीवरून उठणारा म्हातारा माणूस काढताना पहिल्या तीन प्रयत्नांत त्याचे वजन का जाणवत नव्हते आणि चौथ्यात तिने काय बदलले, ते सविस्तर मांडले. मुलाखतीतले प्रश्नही त्यावरच आले.