रस्ता हवाय, पण "विनामोबदला" संमतीपत्रावर सही करायची का?

सही करू नका काका. निदान आत्ता नको, आणि त्या कागदावर तर अजिबातच नको. शुक्रवारी इंजिनियर परत येणार म्हणताय म्हणून हे आधी सांगितलं, आता सविस्तर लिहिते.

बाकीच्यांना कळावं म्हणून प्रकरण थोडक्यात असं आहे. काका सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात राहतात, ग्रामपंचायत होती तिची काही वर्षांपूर्वी नगरपंचायत झाली. मुंबईतली नोकरी संपवून ते घरी आलेत. त्यांच्या आगराच्या, म्हणजे नारळाच्या बागेच्या, कडेने समुद्राकडे जाणारी जुनी पाणंद आहे, ती आता सहा मीटरचा रस्ता करून जेटीपर्यंत न्यायची, गटार आणि दिवे लावायचे असं ठरलंय. त्यात काकांची साधारण दोन गुंठे जागा, चिऱ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, आणि सात माड जातात. पाचशेच्या स्टॅम्पवर टाईप केलेलं संमतीपत्र घरी आणून दिलंय, त्यात "स्वखुशीने व विनामोबदला" असं लिहिलंय. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली बरीचशी मुंबईत. नगरसेवक म्हणाले "गावच्या कामाक आड येव नकात", आणि जाता जाता आगरात पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांची परवानगी आहे का तेही विचारून गेले. काकांना रस्ता मनापासून हवाय, गेल्या पावसात थोरल्या वहिनींना खुर्चीत बसवून हमरस्त्यापर्यंत न्यावं लागलं कारण अॅम्ब्युलन्स आत येत नाही. त्यांचा प्रश्न एवढाच की फुकट द्यायची का, आणि नाही म्हटलं तर काय होईल.

काका, रस्त्याला हो म्हणणं आणि जागा फुकट देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्यासमोर त्या मुद्दाम एकत्र बांधून ठेवल्यात. मार्चअखेर आली की निधी परत जाईल या भीतीने घाई सुरू होते, कामाच्या फाईलला जागा उपलब्ध असल्याचा कागद लावावा लागतो आणि त्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जमीनमालकाची सही. त्या इंजिनियरचं मला वाईटच वाटतं, त्याच्यावर वरून प्रेशर असतं, पण त्याच्या अडचणीसाठी अकरा जणांची जमीन जायला नको.

आता कागदाबद्दल. एकत्र मालकीच्या जमिनीत एक सहहिस्सेदार फार तर स्वतःचा अविभक्त हिस्सा देऊ शकतो, बाकीच्या दहा जणांचा नाही. तुम्ही एकट्याने सही केलीत तर नगरपंचायतीला पूर्ण जागा मिळतच नाही, आणि तुमची बहीण उद्या तुम्हालाच विचारणार की माझ्या हिश्श्याचं तू कोण ठरवणार. दुसरं, स्थावर मालमत्ता फुकट द्यायची तर ते बक्षीसपत्र, आणि बक्षीसपत्र रजिस्टर झाल्याशिवाय मालकी जात नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 123 तेच सांगतं. नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. मग तुम्ही म्हणाल की कागद कायद्याने कच्चाच आहे तर सही करून मोकळं व्हायला काय हरकत आहे? हरकत अशी आहे की उद्या तुम्ही मोबदला मागितलात की तोच कागद पुढे येणार, यांनी तर स्वखुशीने दिली होती, गडगा पाडताना समोर उभे होते, आणि मग तुमची वर्षं ते खोडून काढण्यात जाणार.

हिमाचलच्या हमीरपूर जिल्ह्यात एका विधवा बाईंची जमीन 1967-68 मध्ये रस्त्यासाठी घेतली, संपादन नाही, मोबदला नाही. सरकार कोर्टात म्हणालं त्यांनी तोंडी संमती दिली होती, वर इतकी वर्षं ताबा आहे म्हणून मालकीही आमचीच. जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्या देवी प्रकरणात दोन्ही म्हणणी फेटाळली आणि मोबदला द्यायला लावला. निकाल फार चांगला आहे, पण मध्ये पन्नास वर्षं गेली हे विसरू नका.

मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला हे खरं, पण अनुच्छेद 300अ मध्ये तो आहेच, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ नीट उलगडून सांगितला, म्हणजे आधी नोटीस, मग म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक उद्देश, योग्य मोबदला, प्रक्रिया वेळेत चालवणं आणि ती शेवटाला नेणं. तुमच्याकडे यातली पहिलीच पायरी झालेली नाहीये, एक कागद आणि एक दम एवढंच झालंय.

मग त्यांनी करायला काय हवं होतं? आधी हा रस्ता विकास आराखड्यात आहे का ते बघायचं. आराखडा मंजूर आहे, प्रारूप आहे, की अजून प्रादेशिक योजनेवरच चाललंय, हे नगरपंचायतीतून लेखी घ्या. प्रारूप असेल तर प्रसिद्धीनंतर हरकतीला 30 दिवस मिळतात, तारीख चुकवू नका. मंजूर आराखड्यात रस्ता असेल तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 च्या कलम 126 खाली तीन वाटा आहेत, बोलणी करून पैसे देऊन घेणं, पैशांऐवजी एफएसआय (उरलेल्या जागेत जास्त बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) देणं, नाहीतर रीतसर भूसंपादन. टीडीआरचं गोड बोलतील, पण छोट्या गावात तो विकत घ्यायला बिल्डरच नसतो, तो कागद कपाटातच पडून राहतो, आणि उरलेल्या जागेत एफएसआय वापरू म्हणाल तर किनाऱ्याजवळ सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची, मर्यादा आडवी येते. तुमच्या केसमध्ये मी पैशांवरच ठाम राहीन.

पैसे किती, तर 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाजारभाव काढतात, त्यात माड, गडगा, विहीर यांची किंमत मिळवतात आणि त्या एकूण रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम देतात, म्हणजे साधारण दुप्पट. तुमच्या मेव्हण्याला चौपट मिळाले म्हणताय ते ग्रामीण भागात, तिथे बाजारभावाला 2 पर्यंत गुणांक लागतो, नगरपंचायत शहरी धरली जाते म्हणून तुम्हाला गुणांक 1. त्यामुळे चौपटीवर अडून बसू नका, तिथे तुमची बाजू कमजोर आहे.

आता एक गोष्ट तुमच्या विरोधात जाऊ शकते ती पण सांगते. पाणंद पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, रापणीचं जाळं ओढणारे मच्छीमार, मासे विकणाऱ्या बायका, शाळेची पोरं सगळे तिथूनच जातात. त्या वहिवाटीला धक्का लावू नका, रागाच्या भरात दगड टाकून वाट बंद केलीत तर पहिली केस तुमच्यावरच होईल आणि मी पण तुमच्या बाजूने बोलू शकणार नाही. पण वाट वापरण्याचा हक्क आहे तेवढ्याच रुंदीचा, आठ फुटांची वहिवाट आहे म्हणून बाजूची दोन गुंठे आपोआप सार्वजनिक होत नाहीत. ते कदाचित जुन्या ग्रामपंचायतीच्या 23 नंबरच्या नोंदवहीत रस्ता लागलाय असं दाखवतील. नोंद असू दे, नुसत्या नोंदीने मालकी बदलत नाही, पण त्यात रुंदी किती लिहिलीय ते बघा आणि नक्कल घ्या.

आणि तुमचा गडगा खरंच तुमच्या हद्दीत आहे ना? रागावू नका, पण गडगे पुन्हा रचताना हातभर पुढे सरकतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मोजणी झाल्याशिवाय मी कुठल्याच अशिलाला छातीठोकपणे काही सांगत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका, फी जास्त पडली तरी द्रुतगतीचा टाका, नगरपंचायतीला लगतची म्हणून नोटीस जाईल असं बघा. गडगा एखादा फूट बाहेर निघाला तर तेवढा स्वतःहून आत घ्या, बाकीच्या जागेची तुमची बाजू त्याने उलट भक्कम होते.

सोबत माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागायचं ते असं, या कामाचा ठराव आणि त्या सभेचं इतिवृत्त, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश दिला असेल तर त्याची प्रत, जागा ताब्यात असल्याचा दाखला कुणी दिला तो, आणि सीआरझेडची परवानगी. शेवटचं विसरू नका, जेटीपर्यंत रस्ता म्हणजे भरतीरेषेच्या जवळ काम, तिथे सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं आणि बऱ्याचदा हे कुणी केलेलंच नसतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

खोल्यांचं बोलायलाच हवं, कारण खरी भीती तिथेच आहे हे तुमच्या पत्रावरून कळतंय. सीआरझेडच्या 2019 च्या अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या राहत्या घरात होम स्टे चालवता येतो, पण घराचं जोतं आणि रूप न बदलता. तुमच्या खोल्या आगरात नव्याने बांधल्यात, त्यामुळे ती सवलत त्यांना मिळेल असं मी म्हणणार नाही. आधी बघा त्या भरतीरेषेपासून किती लांब आहेत आणि घरपट्टीला लागल्यात का, घरपट्टी म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे पण किती जुनं बांधकाम आहे त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. नियमात बसत असतील तर नियमित करण्याचा अर्ज आजच तयार करायला घ्या. आणि पाडतील का, तर असे उठून येऊन पाडू शकत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने किमान 15 दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केलीय, फक्त रस्ता, फूटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला ते संरक्षण नाही. पण काका, खोल्यांच्या भीतीने जमिनीवर सही केलीत तर खोल्या काही कायदेशीर होणार नाहीत, उद्या दुसरा नगरसेवक येईल आणि तोच प्रश्न विचारेल.

आता शुक्रवारी काय करायचं. भांडू नका, बसवा, पाणी द्या, आणि एक पत्र आधीच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक-जावकला देऊन शिक्का मारलेली पोच घेऊन ठेवा. नगरसेवकाच्या नाही, नगराध्यक्षांच्या नाही, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, कारण प्रशासन त्यांच्या हातात असतं. पत्राचं पहिलंच वाक्य असं लिहा की आमचा रस्त्याला विरोध नाही, रस्ता व्हावा अशी आमची इच्छा आहे. मग लिहा की जमीन अकरा जणांच्या सामाईक मालकीची आहे, संयुक्त मोजणी करा, बाधित क्षेत्र आणि झाडांचा पंचनामा करा, मोबदल्याचा लेखी प्रस्ताव सर्व सहहिस्सेदारांना द्या, तोपर्यंत आमच्या हद्दीत काम करू नये. पत्रावर शक्य तेवढ्या जणांच्या सह्या घ्या, मुंबईच्या मंडळींकडून सही करून स्कॅन मागवलं तरी आत्तापुरतं चालेल. त्यातच सुचवा की सहाऐवजी साडेचार मीटर आणि मध्ये एक वळणाची जागा ठेवली तर अॅम्ब्युलन्स येते आणि चार माड वाचतात. हे मला तुमच्या नकाशावरून वाटतंय, जाग्यावर बघून ठरवा. आणि गटाराचा उतार तुमच्या विहिरीकडे नको, हे तर ठळक अक्षरात लिहा.

एवढं करूनही जेसीबी आणला तर कोर्ट. नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या 1965 च्या कायद्यातलं कलम 304 लक्षात ठेवा, दाव्याआधी एक महिन्याची नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा, सहा महिने गेले की गेले. नोटीस देईपर्यंत गडगाच शिल्लक राहणार नाही अशी परिस्थिती असेल तर नुसत्या मनाईच्या दाव्याला नोटिशीची अट आड येत नाही. समोरचा वकील कदाचित स्पेसिफिक रिलीफ कायद्याची 2018 ची दुरुस्ती काढेल, पायाभूत प्रकल्पाला अडथळा होईल अशी मनाई देता येत नाही म्हणून, आणि त्या यादीत रस्ते आहेत. म्हणून दाव्यात रस्ता थांबवा असं मागायचंच नाही, संपादन न केलेल्या आमच्या जागेत घुसू नका एवढंच मागायचं. मला विचाराल तर अशा वेळी हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्धची थेट याचिका, जास्त बरी, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे, सिंधुदुर्गची प्रकरणं तिथेच जातात. नगरपंचायतीचा ठरावच बेकायदा असेल तर त्याच 1965 च्या कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, तो अर्ज साध्या कागदावर होतो, तोही देऊन ठेवा.

राहिल्या तुमच्या काकी, ज्या म्हणतायत की वाडीसाठी आपण फुकट देऊया. त्यांना तो हक्क आहे आणि त्यांच्या मनाचा मोठेपणा आहे, त्यांना थांबवू नका. त्यांचा हिस्सा त्यांनी द्यावा, पण रजिस्टर बक्षीसपत्राने, हिस्सा किती ते लिहून, आणि जागा रस्त्यासाठीच वापरायची ही अट घालून. फक्त त्यांच्या सहीखाली तुमची सही लागतेय का ते नीट वाचा, आणि बहिणीला आज रात्रीच फोन करा, तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.