रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या की खरंच बरं वाटतं का? तुमचे प्रश्न

मागच्या वेळी कृतज्ञतेच्या डायरीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे झोपायच्या आधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहून काढायच्या, बस एवढंच. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले पाच आज घेतेय.

महिनाभर लिहितेय. घर, मुलं, तब्येत, रोज तेच. आता कंटाळा आलाय आणि फरकही पडत नाहीये. (इंदिरानगर)

नाहीच पडणार ताई, कारण तुम्ही रोज कालचीच यादी उतरवून काढताय. चांगल्या गोष्टीला मन फार पटकन सरावतं, मग "मुलं" हा शब्द लिहिला काय नि नाही लिहिला काय. २००५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग छापला त्यात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या होत्या, पण प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं, आणि नेमकं हे "का" सगळे गाळतात. त्या लोकांना सहा महिन्यांनंतरही बरं वाटत होतं, खास करून ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून चालू ठेवलं त्यांना. तर "मुलं" नको, "धाकट्याने आज न सांगता डबा घासायला टाकला, कारण काल मी ओरडले नाही, नुसतं सांगितलं" असं लिहा. तीन नाही सुचल्या तर एकच लिहा. आणि रोजच लिहायला पाहिजे असंही नाही हो, रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या संशोधनातल्या पहिल्या अभ्यासात लोक आठवड्यातून एकदाच लिहायचे, तरी दहा आठवड्यांत त्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटायला लागलं, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या. हे काही व्रत नाही, एक दिवस चुकला म्हणून मोडत नाही.

फर्स्ट शिफ्ट असते, पहाटे उठून पळायचं, वही घेऊन बसायला वेळ कुठाय? (सातपूर)

वही कशाला? चहाच्या सुट्टीत फोनवर स्वतःलाच एक व्हॉइस नोट टाका, अर्धा मिनिट पुरे. बाईकवर असाल तर मात्र फोन खिशातच राहू दे, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये मनातल्या मनात आठवलं तरी चालतं.

द्राक्षांच्या छाटणीपासून औषधं, मजुरी, सगळा खर्च करून बसलो आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी पडला. मणी तडकले, व्यापारी फिरकला नाही. बायको म्हणते जे आहे त्याचे आभार माना. डोकं फिरतं. (निफाड)

फिरणारच ना दादा! ज्याची बाग गेली त्याला आभार मानायला सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं झालं, वहिनींच्या मनात तसं नसणार, पण ऐकणाऱ्याला ते तसंच लागतं. मला या कृतज्ञतेच्या बाबतीत सगळ्यात जास्त चीड याचीच येते, लोक ती दुसऱ्यावर लादतात. नुकसान हे नुकसानच, त्याचा राग येऊ द्या, बोला, रडू आलं तर रडा. आधी तलाठी आणि कृषी सहायकाला कळवून पंचनामा करून घ्या, विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, डायरी वगैरे नंतरचं.

नंतर कधी वाटलंच तर एक करून बघा. गेलेल्या मालात काही चांगलं शोधायला जाऊ नका, त्या दिवसांत कोण उभं राहिलं तेवढं आठवा, पहाटे बांधावर आलेला शेजारी, उधारी लांबवणारा औषध दुकानवाला. २००३ च्याच त्या संशोधनातल्या आणखी एका अभ्यासात स्नायूंचे कायमचे आजार असलेली माणसं होती, २१ दिवस त्यांनी रोज लिहिलं. आजार होता तिथेच राहिला, पण मूड सुधारला आणि झोपही बरी लागायला लागली. एवढीच अपेक्षा ठेवा, त्याहून जास्त नाही. आणि झोप उडालीय, जीव नकोसा वाटतोय असं होत असेल तर १४४१६ वर फोन लावा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वहिनींनीही हा नंबर सेव्ह करून ठेवावा.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. डायरी नियमित लिहिली तर बंद करता येतील का? (नाशिकरोड)

नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी कृतज्ञतेच्या अशा उपायांवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले, तर डिप्रेशन आणि अँग्झायटीवर या उपायांचा परिणाम अगदी थोडा दिसला. लिहायचं तर जरूर लिहा, गोळ्यांचं मात्र डॉक्टर ठरवतील.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, बायकोचं कधी तोंडावर कौतुक केलं नाही. आता लाज वाटते. पत्र लिहू का? (पंचवटी)

लिहा काका, आणि स्वतः वाचून दाखवा. सेलिगमन यांच्या त्याच प्रयोगात, ज्याचे कधी नीट आभार मानले नाहीत अशा माणसाला पत्र लिहून हातात नेऊन द्यायचं असा एक उपाय होता, लगेचच्या आनंदात तो सगळ्यांत पुढे होता, पण काही महिन्यांत असर ओसरला. म्हणून एका पत्रावर भागवू नका. "तू माझ्यासाठी खूप केलंस" असलं गुळमुळीत नको, आईच्या आजारपणात रात्री कोण उठायचं, हातात पगार नव्हता तेव्हा तिने घर कसं चालवलं, ते लिहा. पहिल्यांदा "काय हो, पैसे पाहिजेत का?" असं ऐकायला मिळेल. हसून वाचत राहा, आणि त्या दिवशी चहाचे कप तुम्हीच विसळा.