2008 मध्ये फ्लोरिडाची प्रायमरी पुन्हा घ्यायला किती खर्च आला असता आणि तो कोणी द्यायचा होता?

प्रायमरी म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, आणि इथे प्रश्न डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीचा आहे. आधी आकडा. राज्याच्या यंत्रणेकडून रीतसर फेरमतदान घेतलं असतं, तर अडीच कोटी डॉलरपर्यंत. बहुतेक मतदान टपालाने उरकलं असतं, तर एक कोटी ते एक कोटी वीस लाख. तेव्हा डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आपल्या हिशेबाने शंभर कोटी किंवा चाळीस-पन्नास कोटी. फेरमतदान झालंच नाही. पैशावाचून अडलं असं तेव्हा सांगितलं जायचं, पण मला ते कधीच पटलं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या एका महिन्यात, या उमेदवारीसाठी लढणाऱ्या दोघांपैकी ओबामांनी साडेपाच कोटी आणि हिलरी क्लिंटन यांनी साडेतीन कोटींच्या आसपास डॉलर देणग्या गोळा केल्या होत्या. म्हणजे देणगीदार होते, पण घेता येईल असा पैसा कुठेच नव्हता.

घोळ कसा झाला ते थोडक्यात. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम होता की आयोवा, न्यू हॅम्पशर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना सोडून कोणीही 5 फेब्रुवारीच्या आधी प्रायमरी घ्यायची नाही. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने, जिथे बहुमत रिपब्लिकनांचं होतं, ती 29 जानेवारीला ओढली. पक्षाने राज्याचे सगळे म्हणजे 210 डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) रद्द केले, उमेदवारांनी तिथे प्रचार न करण्याचं कबूल केलं. मी त्या वेळी टॅम्पात एच-वन व्हिसावर होतो, त्यामुळे मत नव्हतं, पण ऑफिसात दुसरा विषय नसायचा. मोजलं जाणार नाही हे माहीत असूनही साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं. त्याच दिवशी घरपट्टी कमी करण्याच्या घटनादुरुस्तीवरही मतदान होतं, हेही एक कारण असणार. क्लिंटन यांना जवळपास 50 टक्के, ओबामांना 33.

आता बिल कोणाच्या नावावर? आपल्याकडे पक्षाचा उमेदवार ठरवायला सरकारी तिजोरीतून पैसा जात नाही. 2014 मध्ये काँग्रेसने लातूर आणि वर्ध्यात प्रायमरी करून पाहिली, ती पक्षाची अंतर्गत बाब होती. अमेरिकेत बहुतेक प्रायमऱ्या राज्याच्या कायद्याने होतात. मतदान केंद्रं, यंत्रं, कर्मचारी सगळं सरकारी आणि खर्च करदात्यांचा. कॉकस, म्हणजे कार्यकर्त्यांच्या सभांमधून होणारी निवड, मात्र पक्ष स्वतः घेतो, स्वतःच्या पैशाने. फ्लोरिडाने एकदा खर्च करून झाला होता. गव्हर्नर चार्ली क्रिस्ट म्हणाले, फेरमतदान खुशाल घ्या, पण करदात्यांच्या पैशाने नाही. राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष हॉवर्ड डीन म्हणाले, आम्ही देणार नाही, आम्हाला नोव्हेंबरची लढाई लढायची आहे. राज्यातल्या पक्षाकडे एवढी रक्कम नव्हती. न्यू जर्सीचे गव्हर्नर जॉन कॉर्झाइन आणि पेनसिल्व्हेनियाचे एड रेंडेल यांनी फ्लोरिडा आणि तशीच लवकर प्रायमरी घेऊन अडकलेलं मिशिगन मिळून लागणाऱ्या तीन कोटी डॉलरपैकी निम्मे जमवून देतो असं सांगितलं. दोघेही क्लिंटन यांचे समर्थक! मागे पडलेल्या उमेदवाराच्या माणसांनी पैसे भरायचे आणि पुढे असलेल्याने त्या निकालाला मान डोलवायची, हे कसं जमणार? ओबामांची आघाडी शंभराच्या आसपास डेलिगेटांची होती. त्यांना फेरमतदानाची घाई असण्याचं कारणच नव्हतं.

टपालाचा मार्ग स्वस्त होता, पण त्यातच खरी गोम होती. सुमारे चाळीस लाख नोंदणीकृत डेमोक्रॅटांना मतपत्रिका पाठवायच्या आणि परत आलेल्या पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून पाहायची. त्या सह्या सरकारी निवडणूक कार्यालयांकडे, आणि खासगी पैशाने पक्षाने घेतलेल्या निवडणुकीसाठी त्या तपासून द्यायला राज्य तयार नव्हतं. शिवाय टॅम्पा ज्यात येतं त्या हिल्सबरोसह पाच काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) मतदानाच्या पद्धतीत काहीही बदल करायचा तर मतदान हक्क कायद्यानुसार केंद्राची आधी मंजुरी लागायची. यंत्रांचंही तसंच. टचस्क्रीन काढून 1 जुलैपर्यंत कागदी मतपत्रिका आणायचा कायदा झाला होता, पंधरा काउंट्या नेमक्या त्याच बदलाच्या मध्यावर होत्या. आणि डेलिगेट ठरवायची पक्षाची मुदत होती 10 जून. दोन हजार साली मतमोजणीवरून जगभर हसं झालेल्या राज्याने पहिल्यांदाच, तेही घाईघाईत, टपालाने राज्यभर निवडणूक घ्यावी, यावर राज्यातल्या डेमोक्रॅटिक खासदारांनीही हात वर केले. 17 मार्चला राज्य पक्षाच्या अध्यक्ष कॅरन थर्मन यांनी फेरमतदान होणार नाही असं जाहीर करून टाकलं.

मिशिगनमध्ये तर देणगीदारांनी हमी देऊनही जमलं नाही. तिथल्या 15 जानेवारीच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, त्यांनी ते काढून घेतलं होतं. 3 जूनला खासगी पैशाने पुन्हा मतदान घ्यायचा मसुदा तयार झाला, पण जानेवारीत रिपब्लिकन प्रायमरीत मत दिलेल्यांना त्यात मत देता येणार नव्हतं. आपला उमेदवार मतपत्रिकेवर नाही म्हणून तिकडे गेलेले ओबामांचे मतदारही यात कापले जाणार, अशी त्यांच्या वकिलांची हरकत होती. विधिमंडळ काही न करता सुटीवर गेलं.

शेवटी 31 मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीची बैठक झाली आणि दोन्ही राज्यांच्या डेलिगेटांना प्रत्येकी अर्धं मत दिलं गेलं. मिशिगनची वाटणी 69-59 अशी ठरली, हा आकडा कुठल्याच मतमोजणीतून आलेला नव्हता. तीन दिवसांनी ओबामांची उमेदवारी नक्की झाली आणि ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात सगळ्यांना पूर्ण मत परत मिळालं, कारण तोवर त्याने काही फरक पडणार नव्हता.

या सगळ्यातून फ्लोरिडाला धडा मिळाला का, असं विचाराल तर 2012 मध्ये त्यांनी पुन्हा जानेवारीतच, 31 तारखेला, प्रायमरी घेतली. त्या वेळी रिपब्लिकन पक्षाने त्यांचे डेलिगेट 99 वरून 50 वर आणले.