नगरचं टँक म्युझियम मुलांना घेऊन मुद्दाम जाण्यासारखं आहे का?

तुम्ही विचारलंय, की पुण्याहून दहा-बारा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयासाठी एक रविवार खर्ची घालावा का, की "जुनं लोखंड उन्हात मांडून ठेवलंय" हे तुमच्या मित्राचं म्हणणं खरं मानावं.

मी मूळचा नगरचा. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून नगरच निघतं.) मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. लोखंड आहे आणि बरंचसं उन्हातच आहे. पाट्यांवरचं वजन, तोफ, इंजिन वाचत फिरलात तर माझ्या भाच्यासारखं होईल. सातव्या रणगाड्यापाशी तो "मामा, तहान लागली" म्हणाला आणि तिथून पुढे त्याचं लक्ष फक्त गेटकडे. दुसऱ्या खेपेला मी त्याला एसटीतच चार गोष्टी सांगून ठेवल्या. त्या वेळी मीच थकलो, तो नाही. त्याच गोष्टी इथे सांगतो.

हे सगळं नगरलाच का? कारण आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, म्हणजे चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशाला, इथे आहे. आमच्या लहानपणी के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या सरावाच्या मैदानावर, तोफा सुरू झाल्या की तावदानं थरथरायची आणि आजी हातातलं काम न थांबवता म्हणायची, "लष्कराचं चाललंय." या केंद्रानेच फेब्रुवारी १९९४ मध्ये संग्रहालय उभं केलं. पन्नासच्या आसपास गाड्या आहेत. "आशियातलं एकमेव" असं जिथे तिथे वाचाल, त्यावर विसंबू नका. इस्रायलमधलं लात्रूनचं रणगाडा संग्रहालय नकाशात आशियातच आहे आणि ते आपल्यापेक्षा मोठं आहे. त्याने नगरचं काही बिघडत नाही.

संग्रहालयाच्या इंग्रजी नावात 'कॅव्हलरी' आहे, म्हणजे घोडदळ. मुलं विचारणारच, की घोडे कुठे आहेत? पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी घोडदळाच्या बहुतेक पलटणी शिलेदारी पद्धतीच्या होत्या. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. हा शब्द आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतो. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून हाय वूडच्या रानाकडे दौडत गेले. दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच लढाईत जगातले पहिले रणगाडे उतरले. आपल्याकडे घोडा सोडून गाड्यांवर जाणारी पहिली पलटण सिंद हॉर्स. वर्ष १९३८. घोडे गेले, हुद्दे राहिले. रणगाड्यातला साधा जवान आजही 'सवार', त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार.

इथली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी. राजेरजवाड्यांच्या मोटारींची हीच कंपनी, हे ऐकून मुलं हसतात. मी त्यांना पुढचंही सांगतो. १९१९ मध्ये जालियनवाला बागेत जाताना डायरने मशिनगन लावलेल्या दोन चिलखती गाड्या बरोबर नेल्या होत्या. बोळ अरुंद म्हणून त्या बाहेर राहिल्या. अशा गाड्या कशा दिसत, याचा अंदाज इथे येतो.

मग मटिल्डा हा ब्रिटिश रणगाडा शोधा, आणि नंतर जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ. मटिल्डाचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर जाड. १९४० च्या अखेरीस आफ्रिकेच्या वाळवंटात चौथ्या हिंदी डिव्हिजनबरोबर मटिल्डा लढले, तेव्हा इटालियनांच्या रणगाडाविरोधी तोफा त्यांचं काही बिघडवू शकत नव्हत्या. मग जर्मन आले. त्यांनी विमानं पाडायची ही ८८ ची तोफ आडवी केली, आणि जून १९४१ मध्ये हॅलफाया खिंडीत मटिल्डांचा चुराडा उडाला. दोन्ही पाहून झाल्यावर मुलांना विचारा, तुम्ही कशात बसाल?

गंमत म्हणून 'आर्चर' ही ब्रिटिश तोफगाडी दाखवा. याची तोंडाची बाजू कुठली हे ओळखायला लावा, हमखास चुकतात. तोफ मागे तोंड करून बसवलेली आहे. बार काढताना चालकाला जागेवर बसता येत नसे, कारण तोफेचा धक्का त्याच्याच अंगावर यायचा. पण गोळा टाकला की गाडी न वळवता सरळ पळ काढता यायचा. गनिमी काव्याला सोयीचा, असं भाचा म्हणाला, आणि मला ते पटलं. जपानी हा-गो रणगाडा जेमतेम साडेसात टनांचा, अगदी खेळण्यासारखा वाटतो; ब्रह्मदेश आणि इंफाळच्या बाजूला असलेच आले होते. चर्चिल, व्हॅलेंटाइन हे ब्रिटिश रणगाडे पाहत पुढे चला. तिथे रमायला इतिहासाचं वेड लागतं.

पाय थांबायला हवेत ते पॅटनपाशी. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेले हे साधारण ४५ टनी रणगाडे होते आणि त्यांचा दरारा मोठा होता. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचं गाव आहे. ८ ते १० सप्टेंबरला तिथे आपल्या सैन्याने कालव्यांचं पाणी सोडून शिवारं भिजवून ठेवली, उसाच्या फडांत रणगाडे दडवले आणि वाट पाहिली. पॅटन चिखलात रुतले. समोर आपल्या थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन रणगाडे आणि डेक्कन हॉर्सचे म्हातारे शर्मन रणगाडे. शिवाय हवालदार अब्दुल हमीद यांच्यासारखे लोक, ज्यांच्याकडे रणगाडा नव्हताच. उघड्या जीपवर बसवलेली एक तोफ होती. १० सप्टेंबरला ते तिथेच पडले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. भारतीय नोंदीप्रमाणे त्या तीन दिवसांत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. मुलं जवळ गेली की पॅटन केवढा उंच आहे हे आपोआप कळतं. मग उघड्या जीपची कल्पना करायला सांगा, जास्त बोलावं लागत नाही.

पाण्यात पोहणारा पीटी-७६ आणि त्याच्याशी लढलेला अमेरिकी चॅफी, दोन्ही इथे आहेत. नोव्हेंबर १९७१ मध्ये, युद्ध जाहीर व्हायच्याही आधी, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला आपल्या ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ रणगाड्यांनी चॅफींचं अख्खं पथक संपवलं. विजयंताही पाहा. मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यात १९६५ पासून तयार झालेला हा रणगाडा तुम्ही बऱ्याच गावांच्या चौकांत पाहिला असेल, फक्त नाव माहीत नसेल.

आता नगरची म्हणावी अशी गोष्ट. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, पलटण सतरावी पूना हॉर्स. ही पलटण १८१७ सालची, पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतली. १९७१ च्या जूनमध्ये ते पलटणीत आले आणि तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्ससाठी इथे नगरला होते. युद्धाची चिन्हं दिसताच कोर्स अर्धा टाकून सगळ्यांना परत बोलावलं. १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या त्याच दिवशी, पश्चिम आघाडीवर बसंतर नदीपलीकडे जरपालला त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली. रणगाडा सोडून बाहेर ये, असा वायरलेसवर हुकूम आला. तोफ अजून चालतेय, मी सोडणार नाही, असं उत्तर त्यांनी दिलं. पुढच्या गोळ्याने ते गेले. वय २१. परमवीरचक्र. त्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. तो आज नगरच्या याच केंद्राने जपून ठेवला आहे. तीस वर्षांनी त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. त्यांची सरबराई करणारे तिकडचे ब्रिगेडियर निघायच्या आदल्या रात्री म्हणाले, तो गोळा माझा होता.

हे सांगताना माझा आवाज नीट राहत नाही, म्हणून भाच्याला मी हे पॅटनपाशीच उरकून टाकलं होतं.

आता सोयीचं. शिवाजीनगरहून, म्हणजे हल्लीच्या वाकडेवाडी स्थानकावरून, एसटीने साधारण १२० किलोमीटर. माळीवाडा स्थानकावर उतरा आणि रिक्षावाल्याला "टँक म्युझियम" सांगा, भिंगार-सोलापूर रस्त्याच्या बाजूला सोडतो. लष्करी हद्द आहे, तेव्हा प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटोचं गेटवरच विचारून घ्या. वेळ, तिकीट, सुट्टीचा वार आदल्या दिवशी तपासा, बदलत असतात. रणगाड्यांवर चढायचं नाही, हे मुलांना घरूनच बजावून न्या. दोन तास पुरतात. मे महिन्यात जाऊ नका. जायचंच झालं तर सकाळी गेट उघडताच आत शिरा, कारण अकरानंतर लोखंडाला हात लावता येत नाही. जवळच निजामशाहीतला फराहबाग आहे, पडझड झालेला पण देखणा. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते ४५ नेहरू कैदेत होते. तोही लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा आत सोडतात का हे आधी विचारून ठेवा.