वरचे बावन्न नारळ खंय गेले?

प्रश्न : सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ८,४९,६५१. ती एका सार्थ अंकापर्यंत, म्हणजे डावीकडचा एकच अंक राखून, राउंड ऑफ करायची होती. मुलीने आधी दोन अंकांपर्यंत ८,५०,००० केली, मग त्यावरून ९,००,०००. बाईंनी चूक दिली. मला तर बरोबर वाटतं. मग चुकलं कुठे?
– एक आई, मालवण

उत्तर : ताई, बाईंचंच बरोबर. पण मुलीला ओरडू नका, बत्तीस वर्षं गणित शिकवून मीही यात आपटलोय. गेल्या साली पाडेल्याने आमचे नारळ उतरवले, मोजून २४८. मी घरात म्हटलं, अडीचशे धर. हिने व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं, तीनेकशे आहेत. तो टेम्पो घेऊन आला, मोजले आणि म्हणाला, "मास्तरांनू, वरचे बावन्न नारळ खंय गेले?"

एकदा राउंड केलेली संख्या पुन्हा राउंड करायची नाही. दर वेळी मूळ आकड्याकडे जायचं. डावीकडून पहिला अंक ८, त्याच्या शेजारी ४. चार पाचाहून लहान, म्हणून ८ तसाच, उत्तर ८,००,०००. ८,५०,००० करताना मुलीने नसलेली ३४९ माणसं जिल्ह्यात आणली आणि त्यांनीच तिला नऊ लाखांत ढकललं. मूळ संख्या आठ लाखांपासून ४९,६५१ वर आहे, नऊ लाखांपासून ५०,३४९ वर. जवळ कोण ते दिसतंच आहे.

पुढची शून्यं मात्र लिहायचीच. काही पोरं नुसतं ८ लिहून मोकळी होतात. मग जिल्ह्यात आठच माणसं उरतात!

या शून्यांची एक गंमत आहे. ती मोजून आलेली की नुसती जागा धरून बसलेली, हे बघून कळत नाही. १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. हिशोब नेमका २९,००० आला होता, पण लोक अंदाजपंचे म्हणतील म्हणून वर दोन फूट चढवले, असं सांगतात. आज २.९००० गुणिले १० चा चौथा घात असं लिहिलं की पाचही अंक सार्थ, म्हणजे मोजून आलेले, हे उघड होतं.

आता मुलीला रत्नागिरीची १६,१५,०६९ द्या, पाच सार्थ अंकांपर्यंत. मधलं शून्य मोजलं तर १६,१५,१०० येईल. १६,१५,०७० आलं, तर तिने ते गाळलं असं समजा.