मांडवातली वीज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या मांडवात पाऊस आला की आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) पडते, म्हणजे लाइन तोडते. वायरमनने गेल्या वर्षी ती काढून डायरेक्ट जोडणी दिली. म्हणाला, ‘अर्थिंग चांगलं आहे, काळजी नको.’ चालेल का?
– मंडळाचा खजिनदार, सातारा

उत्तर : नाही चालणार. आरसीसीबी आधी परत बसवा, मग बाकीचं.

‘अर्थिंग चांगलं’ म्हणजे किती चांगलं, ते आकड्यांत बघा. अडीच मीटर लांबीचा, ४० मिमी व्यासाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बऱ्या ओलसर मातीत ठोकला तरी त्याचा रोध साधारण ३५ ओहम येतो. मुरमात त्याहून कितीतरी जास्त. मांडवाच्या लोखंडी पाइपला फेज (करंट आणणारी वायर) लागली तर २३० भागिले ३५, म्हणजे जेमतेम साडेसहा अँपिअर जमिनीत जातील. तेवढ्याने १६ अँपिअरची एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच) पडत नाही. पाइपवर करंट तसाच राहतो आणि आरतीच्या गर्दीत कुणीतरी त्याला टेकतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तिथेच लाइन तोडते. म्हणून अर्थिंगही हवं आणि आरसीसीबीही.

आता आरसीसीबी का पडते, हे शोधायचं. बहुतेक वायरमन एकेक एमसीबी खाली करून बघतात आणि सगळ्या खाली केल्या तरी आरसीसीबी पडली की ‘पीसच खराब’ म्हणतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची वायर, जोडलेलाच राहतो. ओल्या जॉइंटमधून न्यूट्रल पाइपला टेकला असेल तरी आरसीसीबी पडते. म्हणून मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सोडा आणि प्रत्येक सर्किट ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) अर्थशी तपासा. त्याआधी एलईडी फोकस आणि साउंडचे प्लग काढा, नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाईल. १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं की दोष त्याच सर्किटमध्ये. बहुधा सापडतो तो टेप गुंडाळून जमिनीवर सोडलेला जॉइंट. टेप पाणी अडवत नाही, उलट आत धरून ठेवते. जॉइंट कनेक्टरने, झाकणाच्या बॉक्समध्ये, डोक्याच्या वर घ्या.

कुठेच दोष सापडला नाही तर फोकस मोजा. प्रत्येक एलईडी ड्रायव्हर (फोकसला वीज पुरवणारं आतलं सर्किट) थोडा करंट अर्थकडे सोडतोच. ही आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरमध्ये कधीही पडू शकते, त्यामुळे पन्नास-साठ फोकस एकीवर असतील तर बारीकशी ओलही पुरते. लोड दोन-तीन आरसीसीबींवर वाटा, पण प्रत्येकीचा न्यूट्रल वेगळा ठेवा. न्यूट्रल एकत्र झाले तर त्या विनाकारण पडत राहतील.

प्रश्न : लाइट गेली की जनरेटर लावतो. तेव्हाही आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की ती पडते. म्हणजे सुरक्षित आहे ना?
– एक कार्यकर्ती, चिपळूण

उत्तर : त्यावरून खात्री होत नाही. टेस्ट बटण आरसीसीबीच्या आतल्या आत असमतोल तयार करतं. बाहेर अर्थ आहे की नाही, हे त्याला कळत नाही. भाड्याच्या बऱ्याच जनरेटरचा न्यूट्रल कुठेच अर्थ केलेला नसतो. मग पाइपवर आलेल्या फेजला परतीची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी गप्प बसते. दुसरीकडे न्यूट्रलही कशाला टेकला, की धोका उभा. म्हणून न्यूट्रल जनरेटरपाशीच, आरसीसीबीच्या आधी, अर्थ करा. आरसीसीबीच्या पुढे मात्र तो कुठेही अर्थला लावू नका. जनरेटरच्या बॉडीसाठी वेगळा इलेक्ट्रोड (अर्थिंगचा पाइप) ठोका.

चेंजओव्हर (मेन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) थ्री फेजला चार पोलचा, सिंगल फेजला दोन पोलचा, मध्ये ‘ऑफ’ असलेला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून जनरेटर जोडण्याचा प्रकार ताबडतोब थांबवा. मेन चालू राहिला तर करंट उलटा ट्रान्सफॉर्मरकडे जातो, तिथे ११ हजार व्होल्ट तयार होतात आणि खांबावर लाइनमन असतो.

प्रश्न : रस्त्यावरून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जाते. स्वागत कमान तिच्यापासून किती अंतरावर हवी?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत इमारतीपासून ११ केव्ही लाइनचं किमान अंतर वरून ३.७ मीटर, बाजूने १.२ मीटर आहे. कमानीला याहून कमी कधीच धरू नका. पण अपघात बहुधा कमान उभी करताना होतो : सहा मीटरचा पाइप उभा करताना तो कलला, तर १.२ मीटर कुठल्या कुठे जातं. म्हणून जागाच बदला. ते शक्य नसेल तर महावितरणकडे अर्ज करून उभारणीपुरती लाइन बंद करून घ्या. मिरवणुकीत बांबूने तारा उचलू नका, ओला बांबू करंट वाहतो.